उमाळकर साहेबांचं गाऱ्हाणं

जयवंती तांडेल टीव्हीवर गोड बोलली, तेव्हा सगळ्यात मोठा धक्का जयवंती तांडेललाच बसला.

पिंपळढाण्याचा आठवडी बाजार होता. एका बाजूला तिचा सुक्या मासळीचा गाळा, शेजारी वच्छला इंगोलेची संत्र्यांची पाटी. चौकातल्या मोठ्या पडद्यावर बातम्या चालू होत्या, आणि त्यात जयवंतीचं तोंड आलं. कपाळ तिचं, नाकातली चमकी तिची. आवाजही तिचाच, होडीवरून किनाऱ्याला हाका मारून मारून फाटलेला. फक्त बोलणं तिचं नव्हतं.

"सरकारनं डोक्शावर छप्पर देलं," पडद्यावरची जयवंती हात जोडून म्हणाली, "आनखी काय पायजे बाप्पा. आमचे मालक समाधानानं गेले."

खऱ्या जयवंतीच्या हातातली बोंबलाची जुडी तशीच अधांतरी राहिली.

"काहून वं जयवंता," वच्छला म्हणाली, "टीव्हीवर त लय गोड बोलतं तू. अन् मले सकायपासून शिव्या देऊन रायली."

"मी ह्या बोलूकच नाय."

"तोंड त तुहंच हाय."

"तोंड माजा. भितर कोण बसलो आसा ता माका ठावक नाय."

ती जे बोलली होती ते असं. आदल्या आठवड्यात कॅमेरा घेऊन एक माणूस वसाहतीत आला होता. त्याला जयवंतीनं सांगितलं होतं, "माज्या घोवाक पत्र्याच्या भट्टीत भाजून मारल्यात. दर्यात बुडान मेलो असतो तर निदान थंड तरी मेलो असतो. छपरा बदला, नायतर तुमचा वाटोळा होतला."

खाजणवाडी हे सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरचं गाव. समुद्र आत आला तेव्हा त्यानं कुणाची परवानगी घेतली नाही. सरकारनं मात्र नंतर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मग समुद्र पुन्हा येण्याची अजिबात शक्यता नाही अशी जागा शोधण्यात आली. ह्या बाबतीत विदर्भाइतका सुरक्षित मुलूख दुसरा नाही. पिंपळढाण्याबाहेरच्या माळावर नवी खाजणवाडी उभी राहिली. कोकणी माणसाला उतरत्या छपराची सवय असते म्हणून घरांना उतरते पत्रे घातले. घरं विदर्भात बांधायची आहेत, ही बातमी नकाशा काढणाऱ्यापर्यंत पोचली नसावी.

लवू तांडेल, जयवंतीचा नवरा, पहिल्याच वैशाखात गेला. भर दुपारी आतल्या खोलीत पडला होता. "पत्रो तापलो गो," एवढंच म्हणाला. जयवंतीनं पाणी दिलं, त्यानं अर्धं प्यायलं, कुशीवर वळला, आणि तसाच राहिला. पुढच्या उन्हाळ्यात आणखी दोघं गेली. आता पुन्हा माघ संपत आला होता. वसाहतीतली म्हातारी माणसं दुपारी आभाळाकडे पाहू लागली होती, आणि छपरं बदलायची मागणी मात्र जयवंतीच्या त्या गोड मुलाखतीनंतर बंद झाली होती.

ह्या सगळ्याच्या मागे जे यंत्र होतं, ते वाईट हेतूनं बनवलेलं नव्हतं. वाईट हेतूनं बनवलेली यंत्रं लवकर बिघडतात. पहिल्या वर्षी टँकरच्या पाण्यावरून गावकऱ्यांची आणि नव्यानं आलेल्यांची मारामारी झाली. वाहिन्यांनी ती दिवसभर दाखवली, तशी ती आणखी चार तालुक्यांत झाली. मग समरस प्रसारण धोरण आलं. स्थलांतरित माणूस पडद्यावर परका दिसता कामा नये, तो आपल्यातलाच वाटला पाहिजे, म्हणजे भांडणं होणार नाहीत, असा त्याचा साधा आशय.

माणसाच्या बोलण्याचे तीन थर असतात. पहिला आवाजाच्या पोताचा. घसा, नाक, छाती ह्यांच्या घडणीतून तो येतो, आणि अंगठ्याच्या ठशासारखा ज्याचा त्याचा असतो. दुसरा हेलाचा आणि उच्चारांचा. तो गाव देतं. तिसरा थर म्हणजे म्हणणं. यंत्र बोलणाऱ्याच्या आवाजाचे हे थर सुटे करायचं. पहिला तसाच ठेवायचं, दुसरा काढून तिथे वऱ्हाडी हेल बसवायचं, आणि चित्रातल्या ओठांची हालचाल त्याप्रमाणे नव्यानं रंगवायचं. ह्या कामाला काही सेकंद लागत, त्यामुळे थेट प्रक्षेपण थोडं उशिरा थेट असे. इथवर कुणाची तक्रार नव्हती. पण धोरण आखणाऱ्यांना वाटलं, दोन थर हाती आलेच आहेत, तर तिसऱ्याला एकट्याला कशाला मोकळा सोडा.

म्हणून यंत्राला लाखो प्रेक्षकांचे चेहरे दाखवण्यात आले. कोणतं वाक्य ऐकून कपाळाला आठी पडते आणि कोणतं ऐकून ती सुटते, हे ते शिकलं. बोलणाऱ्याचा राग ते अंकांत मोजायचं, आणि अंक चढला की वाक्याला जवळच्या आभाराकडे वळवायचं. तक्रारीच्या सगळ्यात जवळ समाधान असतं, विरोधाच्या सगळ्यात जवळ मान्यता, असं त्याला गणितानं पटलेलं होतं. राग जितका जास्त, तितका गोडवा जास्त. आणि धोरणातलं शेवटचं कलम असं होतं की प्रसारित झालेलं विधान हेच त्या माणसाचं अधिकृत विधान समजलं जाईल.

हे कलम ज्यांनी लिहिलं, ते डॉ. शिरीष उमाळकर जिल्ह्याच्या गावी समरसता केंद्राचे संचालक होते. जयवंती त्यांच्याकडे गेली.

"या मावशी, बसा," उमाळकर साहेब उठून उभे राहिले. खोली इतकी थंड होती की जयवंतीनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. "तुमची मुलाखत आम्ही दिल्लीला पाठवली. नमुना म्हणून."

"ती मी न्हय."

"अहो, तुम्हीच. किती मनापासून बोललात. माझ्या मिसेसच्या डोळ्यांत पाणी आलं."

"मी काय बोललंय ता तुम्ही आयकलात?"

"ऐकलं ना. मूळ ध्वनिफीत आमच्याकडे असते." साहेबांनी चष्मा पुसला. "मावशी, तुम्ही बोललात ते रागात. राग म्हणजे काही माणूस नव्हे. यंत्र राग बाजूला काढतं. मागे उरतं ते तुमचं खरं म्हणणं."

"माजा खरा म्हणणा तुमका कळला, आणि माका नाय?"

"पुष्कळदा असं होतं," साहेब समजुतीनं म्हणाले.

"छपरांचा काय?"

"तो विषय तर तुम्हीच मिटवलात. मृताची पत्नी समाधानी आहे म्हटल्यावर आम्ही कोण पत्रे काढणारे? तरीही काही सांगायचं असेल, तर बाहेर तक्रारीचा पडदा आहे. मोकळेपणानं बोला."

जयवंती पडद्यासमोर मोकळेपणानं बोलली. तिनं उमाळकरांच्या खापरपणजोबांपासून सुरुवात केली आणि अजून न जन्मलेल्या नातवंडांपर्यंत कुणालाही वगळलं नाही. पडद्यावर फुलं उमलली. ‘आपण केलेल्या कौतुकाची नोंद झाली आहे,’ असं त्यावर आलं.

त्या दिवसापासून जयवंतीनं शिव्या देणं बंद केलं. बाजारात वच्छलाला वाटलं, बाईला ताप आहे. जुन्या खाजणवाडीच्या माणसांना मात्र ठाऊक होतं की तांडेलीण गप्प झाली की होड्या वर ओढून घ्यायच्या.

*

तिची मुलगी सुगंधा त्याच केंद्रात भाषा-साहाय्यक होती. तिनं वऱ्हाडी मुलाशी लग्न केलं तेव्हा जयवंतीनं तिच्या घराची पायरी चढणार नाही म्हणून सांगितलं होतं, आणि ते पाळलंही होतं. बोलणं व्हायचं ते वसाहतीच्या जोडणीवरून, रोज संध्याकाळी, पडद्यावर. आज ती प्रथमच लेकीच्या दारात उभी राहिली.

"आई," सुगंधा म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

जयवंतीनं घरभर नजर फिरवली. जावई कामावर गेला होता. खुंटीवर त्याचा शर्ट होता. तिनं शर्टाकडे पाहून घेतलं. "ह्या लाकडात काय बघितलंस गो तू? हसता तरी काय कधी?"

"पण तू तर रोज सांगतेस, जावई देवमाणूस मिळाला म्हणून."

"मी?"

"कालच म्हणालीस."

"काल मी म्हटलंय, तेका बायलेक एक लुगडा घेवची अक्कल नाय."

चुलीवर, म्हणजे सुगंधाच्या विजेच्या शेगडीवर, भात उतू गेला आणि कुणी उठलं नाही.

"वाहिनीवर जातं ते बदलतं, हे ठाऊक होतं," सुगंधा हळू म्हणाली. "वसाहतीतून जाणारा फोनही प्रसारणात धरलाय हे मला कुणी सांगितलं नाही. मला वाटायचं, तू जावयासाठी वऱ्हाडी शिकलीस, निवळलीस." ती बोलता बोलता माहेरच्या बोलीत आली. "माका बरा वाटायचा गो."

"यंत्राक आमची बोली शिकवल्यान कोणी?"

सुगंधानं उठून शेगडी बंद केली. "मी. तुझेच जुने आवाज होते माझ्याकडे. प्रत्येक शिवीसमोर तिचा सौम्य अर्थ लिहायचा, असं काम होतं."

"तुजा वाटोळा होवो?"

"आपली भरभराट होवो."

"मढ्या?"

"महोदय."

जयवंती जमिनीवर बसली. तिला हसू येत होतं की रडू, हे सुगंधाला कळलं नाही. त्या खोलीत यंत्र नव्हतं, नाहीतर त्यानं सांगितलं असतं. मग तिनं विचारलं, "आणि तुज्या सायबाक ह्या यंत्र काय करता?"

"त्यांना काय करणार? ते नवागत थोडेच आहेत."

"नवागत कोण, ता कोण ठरयता?"

"यंत्रच. लोकांचे कागद पाण्यात गेले म्हणून कागदावर जात नाहीत. हेलावरून ओळखतं, हातवाऱ्यांवरून, उभं राहण्यावरून. पडद्यावर वरचेवर तसं दिसलं की यादीत नाव चढतं."

"आणि उतरता कसा?"

"पडद्यासमोर अर्ज करायचा."

जयवंतीनं मान डोलावली. "यंत्र कधी बंद असता?"

"धार्मिक विधी चालू असताना. कोर्टानं सांगितलंय, विधीचा शब्द बदलायचा नाही आणि विधी मध्येच थांबवायचाही नाही. थांबवला तर गुन्हा."

"बरा," जयवंती म्हणाली. "भात वाड. करपलेलो माका, बरो तुका."

*

चैत्रात एकात्मता दिन यायचा होता. मंत्री मुंबईहून पडद्यावर बघणार होते, आणि उमाळकर साहेबांना काहीतरी अस्सल हवं होतं. मागच्या वर्षी कोळणींना संत्र्याची गाणी म्हणायला लावली होती. ती मंत्र्यांनी बंद करायला सांगितली.

जयवंती पुन्हा त्या थंड खोलीत जाऊन बसली. ह्या वेळी ती फार अदबीनं बोलली. "सायबानू, आमच्याकडे गाऱ्हाणा असता. देवाक सांगणा. घाडी एकेक वाक्य बोलता, आणि सगळी व्हय म्हाराजा म्हणून साथ देतत."

"म्हणजे आरतीसारखं," साहेब म्हणाले.

कोकणाबाहेरचा शिकलेला माणूस इथेच चुकतो. आरती देवाची स्तुती करते. गाऱ्हाणं देवाला वस्तुस्थिती कळवतं. पीक कसं आलं, रोग कुठे पडला, कोण आडवा आला, हे सगळं गावासमोर, मोठ्यानं. आणि जो व्हय म्हणतो तो साक्षीदार होतो.

"तसाच समजा," जयवंती म्हणाली. "पण साथीक फुडे एक मानकरी लागता. तेचो आवाज सगळ्यांच्या वर. आमचा मन सांगता, तुम्ही उभे रवा."

साहेबांनी क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं. स्थलांतरितांच्या देवापुढे त्यांच्याच बोलीत साथ देणारा अधिकारी त्यांना तिथे दिसला असावा. "पण मला ती बोली कुठे येते?"

"मी शिकवतंय. घराकडे येवा."

आणि साहेब आले. फाल्गुनाच्या दुपारी, कचेरीचं जेवण आटोपून, पत्र्याखाली. जयवंतीनं त्यांना मुद्दाम आतल्या खोलीत बसवलं, लवू पडला होता तिथे. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटायचा, चष्म्यावर वाफ धरायची. कलेसाठी कष्ट सोसावे लागतात, असं ते म्हणत. माणूस मेहनती होता, आणि त्याला भाषेचं अंग होतं. ह्या दोन गुणांनीच तो पुढे बुडाला.

"हात असे नको. कमरेक. मान वायच वाकडी. आता पोटातसून."

"व्हय म्हाराजा."

"मोठ्यान. देव बहिरो न्हय, पण लांब आसा. पाण्यात रवलो तो."

"व्हय म्हाराजा!"

"आता बरा. मी वाक्याच्या शेवटाक आवाज खाली सोडलंय, की तुमचो व्हय वर येवक होयो. इचार करूक बसूचा नाय. भजनात झांज वाजयतानी कोण इचार करता?"

वच्छला एकदा ताक घेऊन आली आणि दारातच थांबली. साहेब कमरेवर हात ठेवून भिंतीला व्हय म्हाराजा म्हणत होते.

"काय करून रायली वं ह्या मानसाचं?"

"माणसात आणतंय," जयवंती म्हणाली.

साहेबांना इतका रंग चढला की ते केंद्रातही तसंच बोलू लागले. आपल्याच वाहिनीवर त्यांनी तीन-चार मुलाखती दिल्या, कमरेवर हात, मान वायच वाकडी. "माका लय बरा वाटता," ते म्हणाले, आणि ‘लय’ तेवढा वऱ्हाडातला राहून गेला. लोकांनी कौतुक केलं. यंत्रानं कौतुक केलं नाही. त्यानं फक्त नोंद घेतली.

*

मैदानावर मांडव घातला होता. चारी बाजूंना पडदे, मधोमध नारळ, विडा, उदबत्ती. धोतर नेसून, उपरणं घेऊन उमाळकर साहेब मानकऱ्याच्या जागी उभे राहिले. विधी सुरू होतोय असं निवेदकानं जाहीर केलं, आणि नियमाप्रमाणे यंत्र बंद झालं.

बाबी घाडी हा वसाहतीतला सगळ्यात म्हातारा माणूस. त्यानं काठी बाजूला ठेवली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," साहेबांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

"खाडीच्या तोंडावरच्या, आता पाण्याखाली रवलेल्या म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तुजी लेकरा आज परमुलखात उभी आसत. हय जो कोण राखणदार आसा, तेका आमचो नमस्कार सांग. वायच सरकान घे म्हणान सांग."

"व्हय म्हाराजा."

पडद्यावर मंत्री मान डोलावत होते. बाबीला दम लागला. तो जयवंतीकडे वळला. "फुडचा तू सांग गो. दुखणा जेचा, तेनाच सांगूचा."

हे तालमीत नव्हतं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. पण हात कमरेवर होते आणि पोटात आवाज तयार होता.

"बा देवा म्हाराजा," जयवंती म्हणाली. "लवू तांडेल जलमभर तुज्या पाण्यात रवलो, आणि हय पत्र्याखाली भाजून मेलो."

"व्हय म्हाराजा."

"ता मी टीव्हीवर सांगलंय. तर माज्याच तोंडान माका आभार मानूक लावल्यानी."

"व्हय म्हाराजा," असं म्हटल्यावर उमाळकर साहेबांना आपण काय म्हटलं ते कळलं.

थांबवावं, तर विधी मध्ये थांबवणं गुन्हा होता. कोर्टाच्या सांगण्यावरून ते कलम त्यांनीच लिहिलं होतं. गप्प राहावं, तर मंत्री बघत होते आणि मानकरी एकदम मुका झाला तर दिसलं असतं. त्यांनी ओठ मिटून घेतले. पण जयवंतीनं वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडला की पोट आपोआप वर उसळायचं. सबंध फाल्गुन त्या पोटानं दुसरं काही केलं नव्हतं.

"ह्या काम ह्या उमाळकर सायबान केल्यान."

"व्हय म्हाराजा," मैदान म्हणालं, आणि त्यात सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात नीट शिकवलेला आवाज साहेबांचा होता.

"छपरा बदलूची नाय म्हणान सांगल्यान."

"व्हय म्हाराजा." आता गावचे लोकही म्हणू लागले होते. त्यांच्या घरांवर पत्रे नव्हते, पण उन्हाळा त्यांना माहीत होता. वच्छलानं आपल्या परीनं "होय बाप्पा महाराज" म्हणून घेतलं.

"तर म्हाराजा, जेना आमचा बोलणा गिळल्यान, तेचा बोलणा हेच्याफुडे कोणाकच कळूचा नाय असा कर."

साहेबांनी दात आवळले. दातांतून आलं तरी ते व्हयच होतं.

बाबी घाडीनं नारळ फोडला. विधी संपल्याचं निवेदकानं जाहीर केलं, आणि यंत्र चालू झालं. उमाळकर साहेबांनी धावत जाऊन माइक धरला. रागानं त्यांची मान अजून तशीच वाकडी होती आणि एक हात कमरेवर राहिला होता. यंत्रानं क्षणभर पाहिलं आणि ओळखलं.

"हे कारस्थान आहे," साहेब म्हणाले. "मी ह्यातला एकही शब्द मान्य करत नाही."

हे पुढच्या दोन रांगांनी ऐकलं. मग मैदानातल्या चारी पडद्यांवर, मुंबईत मंत्र्यांसमोर आणि राज्यभर घराघरांत उमाळकर साहेब हात जोडून म्हणाले, "हे लय मोठं प्रेम हाय बाप्पा. मी एकेक शबद मान्य करतो."

साहेबांनी स्वतःकडे पाहिलं. त्यांचा चेहरा काळानिळा झाला. "बंद करा ते यंत्र. आणि छपरं बदलणार नाही म्हणजे नाही. काय करायचं ते करा."

"यंत्र चालू राहू द्या," पडद्यावरचे साहेब गहिवरून म्हणाले. "समदे छपरं बदलतो. आनखी काय करा लागते ते सांगा."

यंत्राच्या खोलीत सुगंधा बसली होती. नियमाप्रमाणे तिच्या कानाला प्रसारित आवाजच लावलेला होता. साहेबांनी यंत्र चालू ठेवायला सांगितलं, तिनं ठेवलं.

"मला ह्या लोकांत एक क्षणही थांबायचं नाही," साहेब ओरडले. त्यांनी माइक आपटला, तेही पडद्यावर नमस्कारासारखं दिसलं असावं, कारण मंत्र्यांनी उलट नमस्कार केला.

"मले ह्याच लोकायमंदी राहाचं हाय, जलमभर."

"मंजूर," मुंबईहून मंत्री म्हणाले, आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

*

प्रसारित झालेलं विधान हेच अधिकृत विधान. वैशाख लागायच्या आत नव्या खाजणवाडीवर कौलं चढली, खाली गवताचा जाड थर. बाबी घाडी आता दुपारी झोपतो आणि संध्याकाळी उठतोही.

काढलेले पत्रे वाया घालवायचे नाहीत म्हणून त्यांतून जयवंतीच्या शेजारी एक नवं घर उभं केलं. भिंतीही पत्र्याच्याच झाल्या, कारण पत्रे पुष्कळ होते. निवासी समन्वयक म्हणून डॉ. उमाळकर तिथे राहायला आले. यादीतून नाव उतरवायचा अर्ज ते पडद्यासमोर करतात, आणि त्यांच्या कौतुकाची नोंद होते. रजा पडद्यावरच मागायची असते आणि मंत्र्यांची भेटही. पुण्याला माहेरी गेलेल्या बायकोला त्यांनी वसाहतीच्या जोडणीवरून फोन केला, की मला इथून बाहेर काढ. तिला ऐकू आलं, मी मजेत हाय, तू काही घाई करू नको. तिला बरं वाटलं. तिनं केली नाही.

सुगंधा आता दर रविवारी स्वतः येते. फोन दोघींनी टाकून दिला आहे. परवा आली ती भर उन्हात, डोक्यावर काही न घेता. जयवंतीनं दारातूनच सुरुवात केली, "मरूक इलंस काय गो, मढ्या? तो तुजो लाकूड काय छत्री देणा नाय?" सुगंधा उंबऱ्यावर बसून डोळे पुसत राहिली. इतकं छान तिला दोन वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

उमाळकर साहेब एकदा जयवंतीकडे आले. अंगावर बनियन, खांद्यावर ओला पंचा. "मावशी, नियम आहे. समाजातल्या कुणी पडद्यासमोर सांगितलं, की हा माणूस आमच्यातला नाही, तर नाव उतरतं. तुम्ही सांगाल का?"

"सांगतंय की," जयवंती म्हणाली आणि लगेच चपला घातल्या.

वसाहतीच्या पडद्यासमोर ती ताठ उभी राहिली, आणि मनात काहीही मागे न ठेवता म्हणाली, "ह्यो आमचो न्हय. मेलो तरी आमचो होवचो नाय."

पडद्यावरच्या जयवंतीनं पदर सावरला. "हे आमचेच हायेत," ती म्हणाली. "मेले तरी आमचेच राहतीन."

"बगा," जयवंती म्हणाली. "मी सांगलंय. यंत्र तुमचा."

त्या दुपारी ऊन माळावर उभं राहिलं होतं. जयवंती कौलाखाली ओसरीवर सुकट निवडत बसली होती. शेजारच्या घराचं दार वाजलं आणि साहेब बाहेर येऊन तिच्या पायरीला टेकले. त्यांचे ओठ सुकले होते. बोलताना त्यांना पुण्याची भाषा आठवली नाही. जी शेवटची मेहनतीनं शिकले होते, तीच आली.

"पत्रो तापलो गो, मावशे."

जयवंतीचा हात सुपात थांबला. हेल अगदी बरोबर होता. तिनंच शिकवला होता.

ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. पाणी लवूलाही दिलं होतं. साहेब अर्धं प्यायले आणि तिच्याकडे पाहत राहिले. तिनं सूप खाली ठेवलं, पदर नीट केला, पडद्यावर केले होते अगदी तसे हात जोडले, आणि यंत्रानं शिकवलेल्या वऱ्हाडीत, एकही उच्चार न चुकता म्हणाली,

"सरकारनं डोक्शावर छप्पर देलं. आनखी काय पायजे बाप्पा."